उपाशी अंजीर

अण्णांनी तोंड फिरवलं!

नुसतं फिरवलं असतं तर आक्काने सोसलं असतं, म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून सोडून दिलं असतं... पण अण्णांनी चावलेला घास जिभेने हळूच पुढे ढकलला, आक्काच्या तळहातावर ठेवला, आणि जणू आपल्याच हातून काही अपराध घडलाय अशा ओशाळ्या आवाजात ते म्हणाले, "पाणी आहे गं नुसतं. राहू दे."

ज्या क्षणाची तिने वर्षभर वाट पाहिली होती, तो असा तिच्या हातावर ओला होऊन पडला होता. अंजीर दिसायला काय देखणं! लहान मुलाच्या मुठीएवढं, सालीवर एक सुरकुती नाही. आणि आत? आत फिकट, पांढुरकं, पचपचीत. आक्काने ते नाकाशी नेलं, बोटांनी चुरून बघितलं. फळ ती नेहमी बोटांनी आणि नाकानेच पारखायची, तोंडाला कधी लावत नसे. वासच नव्हता. हे अंजीर नव्हतं, अंजिराचं सोंग होतं!

अण्णा अंथरुणाला खिळून दोन वर्षं होत आली होती. पानगळीच्या पुढचं काही विचारलं की डॉक्टर चष्मा पुसायला लागायचे. म्हणजे हा मोसम शेवटचा, हे घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अण्णांना आता काहीच खावंसं वाटत नसे. सूप दोन चमचे, पाव दुधात बुडवून, बस्स. मागितलं होतं त्यांनी एवढंच, की ह्या झाडाचं एक पिकलेलं अंजीर खाऊन जाईन म्हणतो. आयुष्यभर लेकीकडे काही न मागितलेल्या... नाही, चुकलं. आयुष्यभर न विचारताच सगळं घेतलेल्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडून मागितलेली गोष्ट होती ती.

आक्का उठली. घास रुमालात बांधला आणि धाडधाड जिना उतरून मागच्या बागेत गेली.

त्या झाडाची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर आक्काचा राग वाचणाऱ्याला आततायी वाटेल. अण्णा जवानीत उन्हाच्या मुलखातून ह्या थंड गावात पोटासाठी आले, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी बरोबर घेऊन आले. इथला उन्हाळा म्हणजे चहा घेऊन लगेच उठणारा पाहुणा. अशा हवेत अंजीर पिकवायचं म्हणजे हट्टाचंच काम! दुपारचं ऊन थेट अंगावर घेणारी विटांची भिंत त्यांनी निवडली, तिच्या पायाशी खड्डा खणला, चारी बाजूंनी दगडी फरशा उभ्या गाडल्या, तळाशी विटांचे तुकडे ठोकून बसवले, आणि त्या पेटीत फांदी लावली. मुळांनी हिंडायचं नाही. ते म्हणत, "अंजिराला लाड सोसत नाहीत. पोट भरलं की ते पानांचा संसार मांडतं आणि फळाला विसरतं." अण्णांचे गुडघे गेले तसं झाड आक्काकडे आलं. थंडीत ती त्याला गोणपाटाने नखशिखांत गुंडाळायची, उन्हाळ्यात फांदीला पाच पानं आली की शेंडा खुडायची, आणि फळं फुगायला लागली की पाण्याचा हात आखडता घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, बाई झाडाचा छळ मांडते. मांडायचीच! पण मोसमाच्या शेवटी जी मूठभर फळं पिकत, त्यांची गोडी वर्षभर लोकांच्या बोलण्यात राहायची.

हे सगळं आक्काला येत होतं. येत नव्हतं फक्त सांगायला. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या मढवण्याच्या दुकानात तिचा जन्म गेला. त्या कामात खिळे तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायचा आणि ठोकायचा. तोंड उघडलं तर खिळा पोटात. दिवसभर अशी बसणारी बाई घरी येऊनही ओठ मिटूनच वावरायची. साठीला टेकली तरी तिने कुणाला दोन वाक्यांपेक्षा जास्त काही समजावून सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बागेत तिने झाडापाशी गुडघे टेकले आणि मातीत हात घातला.

माती काळी होती. ओली, भुसभुशीत, शेणखताने घमघमणारी! फरशांच्या कडा दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर वीतभर खताचा थर चढला होता, आणि त्या थरातून पांढरी, धष्टपुष्ट मुळं कडा ओलांडून शेजारच्या वाफ्यात पसार झाली होती. वर बघावं तर ताटाएवढी पानं, हिरवीगार, माजलेली. आक्काला वाटलं होतं यंदा पाऊस जरा बरा झाला. कामाच्या गर्दीत, अण्णांच्या औषधांच्या धावपळीत तिने खाली वाकून बघितलंच नव्हतं.

"अगंबाई, कळलं वाटतं तुम्हाला!"

हातात झारी घेऊन चिमणी दारात उभी होती. चिमणी म्हणजे आक्काच्या धाकट्या भावाची बायको. अखंड चिवचिवते म्हणून अण्णांनी ठेवलेलं नाव. तिचे वडील भाजीपाल्याची बाग करणारे, कोबी-भोपळ्यांच्या माहेरात वाढलेली पोर ती. पाणी आणि खत म्हणजे पुण्यकर्म, हे तिला बाळकडूतच मिळालेलं.

"तुम्ही दुकानात गेलात की रोज दोन झाऱ्या घालते," ती उत्साहाने सांगू लागली. "आणि खत माझ्या बाबांकडून आणवलं. बघा ना केवढं फोफावलंय! तुम्हाला चकित करायचं होतं, म्हणून बोलले नाही."

"चकित?" आक्काचा आवाज इतका बारीक झाला की झारी चिमणीच्या हातात थबकली. "झाले मी चकित. अण्णांनी घास काढून टाकला. तोंडातला घास! वर्षभर जीव टांगून ठेवला होता त्यांनी ह्या फळासाठी, आणि तू... तू त्याचा कोबी केलास!"

"आक्का, अहो, पानं माना टाकत होती. मला बघवेना..."

"टाकू द्यायच्या माना! कुणी विचारलं होतं तुला? ज्यातलं कळत नाही तिथे हात घालायचाच कशाला?"

चिमणीचे डोळे भरून आले. आणि नेमका त्याच वेळी, तपासायच्या वह्या काखेत, लाल पेन कानावर, असा तिचा नवरा बाहेर आला. त्याला सगळे छोटू म्हणत. छोटू केवळ नावाचा. दारात उभा राहिला की आतल्या खोलीत अंधार पडायचा. शाळेत मास्तर होता, पोरं त्याच्या सावलीला घाबरायची. अण्णा आजारी पडल्यावर बदली मागून तो बायकोसह ह्या घरात राहायला आला होता. आला होता अण्णांसाठी. आक्काशी तो मिठाची बरणी दे आणि दिवा घालव यापलीकडे बोलत नसे.

"तिच्यावर का ओरडतेस?" तो म्हणाला. "पाणी घातलं तिने. विष नाही घातलं."

"छोटू, तू यात पडू नकोस."

"का पडू नको? दोन वर्षं बघतोय मी. ते झाड तहानेने तडफडतं आणि तू शेजारी भरलेली बादली ठेवून भांडी घासतेस! त्याचे शेंडे खुडतेस, मुळं कोंडतेस... तुला कुणाचं पोट भरलेलं बघवतच नाही, आक्का. झाडाचं नाही आणि माणसाचंही नाही!"

"तोंड सांभाळून बोल."

"आयुष्यभर सांभाळलं! बारा वर्षांचा होतो मी. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. ट्रंक भरलीस आणि मला परगावच्या शाळेच्या बसमध्ये बसवलंस. अण्णा घरात होते, तू होतीस, मग मीच कुणाला जड झालो होतो? मी काचेला नाक लावून रडत होतो आणि तू... तू खांबासारखी उभी. हातसुद्धा हलवला नाहीस! अण्णा निदान घरात बसून रडले असतील. तुझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता!"

आक्काच्या घशाशी एक वाक्य आलं. एकच. ते बोलली असती तर सगळं निवळलं असतं... आणि इथेच आमच्या आक्काचा राग येतो! बोल ना बाई! समोरचा तुला वाटेल ते बोलतोय, तुझ्या काळजाच्या चिंध्या करतोय, आणि तू ओठ मिटून कसली उभी राहतेस? पण नाही. अदृश्य खिळे तोंडात असावेत तशी ती उभी राहिली, मग रुमाल मुठीत घट्ट आवळून आत निघून गेली. 

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आभाळ भरून आलेलं, हवेत पावसाचा वास. चिमणी सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडते तो काय, आक्का सरळ पात्याचं धारदार फावडं घेऊन अंजिरापाशी उभी! तिने फावडं फरशीच्या बाहेरच्या बाजूला रोवलं, पाय देऊन दाबलं, आणि एक जाड मूळ कडकन तुटलं.

"अहो, या हो! आक्का झाड तोडतायत!"

छोटू अनवाणी धावला. त्याने फावड्याचा दांडा धरला. आक्काने सोडला नाही. मग त्या वाफ्यात, चिखलात, साठीची बहीण आणि पन्नाशीचा भाऊ लहान पोरांसारखे एका दांड्यासाठी ओढाताण करू लागले.

"सोड, छोटू!"

"नाही सोडणार! रागावलीस तर त्यालाही घराबाहेर काढणार? हीच रीत आहे तुझी. जो आवडेनासा झाला तो बाहेर!"

"सोड म्हणते ना!"

वरच्या खिडकीवर ठकठक झालं. काठीचं टोक काचेवर आपटत होतं. एकदा, दोनदा... आणि मग काहीतरी जड पडल्याचा आवाज!

फावडं तिथेच टाकून तिघं जिन्याकडे धावली.

अण्णा पलंगावरून अर्धे उतरले होते. काठी खाली पडली होती, औषधांचा ट्रे उलटला होता, आणि एका हाताने खिडकीची चौकट धरून ते थरथरत उभे होते. छोटूने त्यांना उचललं, उशीला टेकवून बसवलं. अण्णांनी त्याचा हात सोडला नाही.

"कापू दे तिला," ते धापा टाकत म्हणाले. "बरोबर कापतेय ती. बाहेर पळालेली मुळं तोडली तरच फळ शुद्धीवर येईल. तेवढाच उपाय आहे."

"अण्णा, तुम्ही बोलू नका. पडून राहा."

"न बोलता पडूनच राहिलो की रे इतकी वर्षं." अण्णांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "काल खिडकी उघडी होती. मी सगळं ऐकलं. तुला घराबाहेर तिने नाही काढलं, छोटू. तुला मी काढत होतो."

"अण्णा!" आक्का ओरडली. "गप्प बसा!"

"बसणार नाही. तुझी आई गेली आणि मी बाटलीच्या नादी लागलो. काचेच्या कारखान्यात भट्टीवर होतो तेव्हा. मुकादमाला शब्द देऊन बसलो, की सोमवारपासून माझा पोरगा कामाला येईल. बारा वर्षांचं पोर, भट्टीच्या तोंडाशी! मला लाज नाही वाटली. हिला कळलं तशी ही दारात आडवी झाली. म्हणाली, त्याच्या जागी मी राबते, पण तो शाळेत जाईल. हिला नर्सच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, तो हिने सोडला. तो खुर्च्या विणणारा मुलगा हिला मागणी घालून गेला होता, त्यालाही नाही म्हणाली. आणि परगावची शाळा का? कारण तू माझ्या नजरेसमोर असतास, तर कुठल्याही रात्री पिऊन मी शब्द फिरवला असता. ते तिला माहीत होतं. तू माझ्या हाताला लागू नयेस म्हणून तुला लांब ठेवला तिने."

खोलीत फक्त उलटलेल्या बाटलीतून औषध ठिबकत होतं. चिमणीने तोंडावर हात ठेवला होता.

"मला... मला का नाही सांगितलं?" छोटूने आक्काकडे बघितलं. वर्गात ज्या आवाजाने खिडक्या हादरायच्या, तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"काय सांगायचं होतं?" आक्का कडाडली. तिचा राग आता कुणावर होता हे तिलाही सांगता आलं नसतं. "आई गेलीच होती. बापही काढून घेऊ तुझ्याकडून? म्हटलं राग धरायचाच असेल तर माझा धर. बहिणीचा राग धरून माणूस जगतो. बापाचा धरून आतून कुजतो. आणि अण्णा, तुम्ही! इतकी वर्षं मी जपलं ते एका सकाळीत उधळून टाकलंत? कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"तू ठरवणारी कोण?" छोटू एकदम उसळला. अश्रू गालांवरून ओघळत होते आणि तो ओरडत होता. "बाप माझा होता! त्याच्यावर रागवायचं की त्याला माफ करायचं, हे मी ठरवलं असतं! तू मला खोटा राग दिलास, आक्का. तीस-चाळीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. तू पाठवलेली अंजिरं... दुकानातल्या कापसात गुंडाळून दर मोसमाला धाडायचीस ना वसतिगृहात? एकही खाल्लं नाही मी! पोरांना वाटून टाकायचो. तुझ्या हातचं म्हणून!"

आक्काचा चेहरा पांढरा पडला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"झालं तुमचं?"

चिमणी! नाक लाल, डोळे सुजलेले, पण आवाज असा की दोघंही दचकली.

"अख्ख्या घराच्या तोंडात खिळे! अण्णा बोलत नाहीत, तुम्ही बोलत नाही, हे बोलतात ते भलतंच बोलतात! आक्का, एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात की चिमणे, ह्या झाडाला तहानेला ठेवायचं असतं, तर मी झारीला हात लावला असता का? दोन वर्षं मी ह्या घरात विचारते, कसं करू, काय करू, आणि तुम्ही माझ्या हातातलं काम काढून घेता आणि स्वतः करता. मी चुकले. माझ्यामुळे अण्णांचं फळ नासलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुम्हीही चुकलात!"

आजवर ह्या घरात चिमणीने आक्काला असं ऐकवलं नव्हतं. 

"पाऊस यायच्या आत काय करायचं ते सांगा," चिमणी म्हणाली. "तोंडाने सांगा."

बाहेर ढग गुरगुरला. अण्णा उशीवरून एकटक बघत होते.

"कडेची सगळी मुळं तोडायची," आक्का म्हणाली. शब्द गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरत बाहेर आले. "पण एका अंगाची तोडली की झाड कलेल. वर पानांचं ओझं आहे. कुणीतरी बुंधा धरायला हवा. खत सगळं खरवडून काढायचं. मातीवर रेक्झिन पसरायचं, पावसाचा थेंब आत जाता कामा नये. फळावर सावली टाकणारी पानं काढायची. आणि एवढं करूनही... फळं गळतील. सगळीही गळतील."

"गळली तर गळली," छोटूने बाही सरसावली. "बुंधा मी धरतो. ह्या देहाचा दुसरा उपयोग काय!"

त्या सकाळी त्या बागेत जे काम झालं ते भांडतच झालं. उरलासुरला उन्हाळा पळून जाईल, असल्या घाईने आक्का फावडं मारत होती आणि तिचं तोंड सुटलं होतं. "अरे तिकडून नाही, इकडून रेट!" "चिमणे, चीक डोळ्याला लावू नकोस, आग होईल!" "पान देठापासून, ओरबाडायचं नाही!" आयुष्यभराचे साठलेले शब्द बाहेर पडत होते आणि तिलाच नवल वाटत होतं. छोटूने दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली होती. त्याचं कपाळ सालीला टेकलं होतं.

"आक्का," तो झाडाआडून म्हणाला. "हात का नाही हलवलास?"

फावडं थांबलं.

"तुझा मफलर राहिला होता," ती म्हणाली. "बस सुटताना लक्षात आलं. पाठीमागे लपवून धरला होता मी. हात वर केला असता तर तो दिसला असता, आणि तू घ्यायला उतरला असतास. उतरला असतास तर... परत चढवायची ताकद नव्हती माझ्यात."

 झाड हलायला लागलं, आणि वारा तर पडलेला होता.

"नीट धर!" आक्का ओरडली आणि आणखी जोरात फावडं मारू लागली. मुळांची शेवटची बाजू तुटली तेव्हा पावसाचे पहिले थेंब दुकानातून आणलेल्या तपकिरी रेक्झिनवर पडून वाफ्याबाहेर घरंगळत गेले.

फळं गळली. आक्का म्हणाली होती तशीच. रोज सकाळी रेक्झिनवर हिरवी, कडक फळं पडलेली असायची आणि चिमणी ती उचलताना रडायची. पानं पिवळी पडली, झाड रोडावलं, शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं की गेलं का हो झाड. शेवटी भिंतीला अगदी चिकटून असलेली तीन फळं तेवढी राहिली. छोटूने जुन्या खिडकीची तावदानं आणून त्यांच्यापुढे उभी केली. उन्हाची तिरीप आली की भिंत तापायची, आणि विटा संध्याकाळपर्यंत ती ऊब धरून ठेवायच्या. वर अण्णांच्या दोन चमच्यांचा एक चमचा झाला होता. छोटू त्यांच्याशी भांडायचा हल्ली. खरंखुरं, आवाज चढवून, बापाशी भांडतात तसं. आणि भांडून झालं की त्यांचे पाय चेपत बसायचा.

एका सकाळी पहिल्या फळाने मान टाकली.

आक्काने चिमणीला हाक मारली. "ये इकडे. बघ. देठ वाकलाय, पण एवढ्याने हात लावायचा नाही. साल अशी बारीक तडकायला हवी. आणि खाली हा डोळा आहे ना फळाचा, त्यात मधासारखा एक थेंब दिसला पाहिजे. तोडल्यावर अंजीर पिकत नाही. आधी तोडलं की कायमचं कच्चं."

थेंब आला तेव्हा तिने फळ काढलं. केवढंसं होतं ते! सुरकुतलेलं, काळपट, कुणी फुकटही घेतलं नसतं असं. वर नेलं. छोटूने अण्णांना छातीशी टेकवून धरलं आणि आक्काने चिमूटभर गर त्यांच्या जिभेवर ठेवला.

अण्णांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी डोळे मिटले. जबडा कितीतरी वेळ हळूहळू हलत राहिला, आणि मिटल्या पापण्यांतून एक धार कानाकडे गेली.

"उपाशी आहे गं हे," ते पुटपुटले. "बरोबर उपाशी आहे." मग त्यांचा हात चाचपडत आक्काच्या बोटांपाशी आला. खिळ्यांनी आणि वाकड्या सुईने घट्टे पडलेली ती बोटं त्यांनी धरली. "तुलाही ठेवली मी. आयुष्यभर."

दुसरं फळही त्यांनीच खाल्लं. तिसरं पिकायच्या आधी, एका शांत दुपारी, खिडकीकडे तोंड करून अण्णा गेले.

घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. झाडाची पानं गळून गेली. एका संध्याकाळी छोटू आणि आक्का बागेत उभे होते. गुंडाळायचं गोणपाट तिच्या खांद्यावर होतं. तावदानाआड तिसरं अंजीर अजून लोंबत होतं.

"आता कुणासाठी काढायचं," आक्का म्हणाली.

"तुझ्यासाठी. खा ते."

"मला नाही आवडत."

"नाही आवडत?" छोटूने तिच्याकडे रोखून बघितलं. "कधी खाल्लं होतंस?"

आक्का गोणपाटाची घडी करू लागली. घडी केलेलीच होती. तिने ती उलगडून पुन्हा केली.

"आक्का. एकदा तरी खाल्लंयस?"

"पिकायचीच मूठभर. अण्णांना लागायची, तुला धाडायची असायची, कुणी पाहुणा..."

"अगं ए!" छोटूच्या कपाळाची शीर ताडकन फुगली. "एवढी वर्षं? मान वाकते, साल तडकते, वास असा आणि रंग तसा, सगळं तोंडपाठ, आणि एकदाही चाखलं नाहीस? काय म्हणावं तुला! खा! आत्ताच्या आत्ता खा!"

"ओरडू नकोस. तू खा. तूही एवढ्या वर्षांत खाल्लं नाहीस."

"मी रागाने नाही खाल्लं. तुझं कारण काय?"

"तू धाकटा आहेस, तू खा!"

"मी पन्नास वर्षांचा घोडा झालोय, तू खा!"

आरडाओरडा ऐकून चिमणी बाहेर आली. दोघं हातवारे करत भांडत होती, आणि अंजीर मध्ये बिचारं वाट बघत होतं. तिने एक उसासा टाकला, तावदान बाजूला केलं, फळ काढलं, मधोमध फाडलं, अर्धं नवऱ्याच्या बोलत्या तोंडात कोंबलं आणि अर्धं नणंदेच्या.

दोघं गप्प झाली.

आत दाट, लालबुंद, चिकट गर होता. आक्का चावायचीच विसरली. मग चावली. एकदा... पुन्हा एकदा. बारीक बिया दातांखाली कचकन फुटल्या. छोटू बहिणीकडे बघत होता आणि त्याचं ते अवाढव्य शरीर गदगदत होतं. आक्काने शेवटचा कणही जिभेने टिपून घेतला. गोणपाट खांद्यावरून कधी घसरलं हे तिला कळलं नाही.

"घाई केलीस, चिमणे," ती रागाने म्हणाली. "उद्या काढायला हवं होतं. डोळ्यात थेंब येईपर्यंत थांबायचं असतं."

आणि बाहीने तिने तोंडाआधी डोळे पुसले.